शंभर पाखरांची हजेरी

६ जानेवारी

ती. भावोजींस,

उभे असाल तर आधी बसा. त्रेसष्ट नंबर सापडला.

पाणकावळाच आहे. खडकावर पंख पसरून, स्वतःलाच वाळत घातल्यासारखा उभा, आणि कोपऱ्यात लाल शाईत ६३. एका शाळेचं जुनं हजेरीबुक बांधणीला आलं होतं. आमच्या धंद्यातली जुनी माणसं कंजूष. पुस्तकाच्या पाठीला आतून अस्तर म्हणून हाताला येईल तो रद्दी कागद डकवायची. पाठ ओल्या फडक्याने भिजवून सोलली, तर आधी साबणाची जाहिरात निघाली, मग कुणाच्या तरी भूमितीच्या वहीचं पान, आणि त्याच्याखाली हे महाशय. तीन तास वाफेवर धरून सोडवला. एका कोपऱ्याला खळीचा डाग आहे, तेवढा माफ करा. साठ वर्षं काळोखात उभं राहिल्यावर तुम्हालाही पडला असता.

म्हणजे झाले तुमचे शंभर! आठव्या वर्षी रस्त्यावरची रिकामी काडेपेटी उचललीत, तिच्यावरचं पाखरू सोलून वहीत चिकटवलंत, आणि सत्तराव्या वर्षी मालिका पुरी. काडेपेट्यांचा तो कारखाना बुडाला, मालक गेला, काड्या तर केव्हाच जळल्या. तुम्ही तेवढे टिकलात. आता पुढे काय करणार?

उद्याच रजिस्टर पोस्टाने धाडतो. ताईला म्हणावं, तुझी रविवारची ड्यूटी संपली.

तुमचा मेहुणा


९ जानेवारी

बारक्या,

तुझं पत्र ह्यांनी मला मोठ्याने वाचून दाखवलं. दोनदा. तू काय करून बसलायस ते तुला कळत नाही, म्हणून हे पत्र. फोन दिवाणखान्यात आहे आणि हे चोवीस तास फोनपाशी. उत्तर माझ्या शिवणक्लासच्या पत्त्यावर पाठव, घरी नको.

माझ्या सासऱ्यांचं तुला कधी सांगितलं नाही. सांगण्यासारखं नव्हतंच. त्यांना टाकाच्या निबांचा नाद होता. एका कंपनीच्या कॅटलॉगमध्ये एकशे चव्वेचाळीस प्रकारच्या निबा होत्या, त्या सगळ्या जमवायच्या. चाळीस वर्षं जमवल्या. शेवटची निब टपालाने आली तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. त्यांनी ती डब्यात ठेवली, झाकण लावलं, म्हणाले, "झालं." तेवढंच. मग भिंतीकडे तोंड करून झोपले. ताप नाही, खोकला नाही. अन्न मात्र हळूहळू सुटलं. एकोणिसाव्या दिवशी गेले. डॉक्टरने कागदावर काहीतरी लिहिलं, पण उशाशी आम्ही दोघं होतो, आम्हाला माहीत आहे.

आणि आता हे. तुझं पत्र आल्यापासून कपाटं आवरतायत. स्कूटरचे कागद, विजेचे कागद, सगळ्याला नाडी बांधून त्यावर माझं नाव घातलं. काल जेवताना सहज म्हणाले, "एकदा शंभर झाले की मी मोकळा." माझ्या हातातली पळी खाली पडली.

तुला आमची रविवारची हजेरी चेष्टेची वाटते. दर रविवारी सकाळी दहा वाजता हे अल्बम उघडतात, चिमटा हातात घेतात, मी समोर बसून नंबर वाचते. "एक." "हजर." "दोन." "हजर." असं शंभरपर्यंत. कारखान्याच्या स्टोअरमध्ये चौतीस वर्षं मोजदाद केली, ती सवय. त्रेसष्ट आला की हे म्हणतात, "गैरहजर." आणि बारक्या, ते कसं म्हणतात माहीत आहे? एखादं पोर अजून खेळून घरी आलं नाही, येईल, अशा आवाजात. त्या एका गैरहजरावर हा माणूस दर सोमवारी उठून दाढी करतो.

पाणकावळा पाठवू नकोस. फाटला म्हण, जळला म्हण, उंदराने नेला म्हण.

तुझी ताई


१२ जानेवारी

ताई,

उशीर झाला. पाणकावळा सातलाच उडाला, आज उद्यात तुझ्या दारात उतरेल.

तू एवढी शहाणी, तीस वर्षं पोरींना सरळ टीप घालायला शिकवणारी, आणि निबांनी माणूस मेला म्हणतेस? तुझे सासरे तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. त्या वयात माणूस निब आली तरी जातो, नाही आली तरी जातो. निब बिचारी त्या आठवड्यात आली, एवढाच तिचा गुन्हा. कपाटं आवरली म्हणून घाबरतेस? माझी बायको मला वीस वर्षं कपाट आवर म्हणतेय. तिचा काय हेतू आहे, तेही मग विचारायला हवं.

आणि एवढी भीती वाटतच असेल तर सोपं आहे. नव्व्याण्णवच हवेत ना? मग पाणकावळा आत आला की एक दुसरं पाखरू बाहेर काढ. हजेरी तूच घेतेस. शिवणाचे खण तुझे, त्यात भावोजींनी जन्मात हात घातलेला नाही. एक गैरहजर कायम ठेव, माणूस अमर!

माझं ऐक, चहा घे आणि झोप.

बारक्या


२१ जानेवारी

बारक्या,

चहा घेतला. झोप नाही लागली. तू सांगितलंस तसं केलं.

पाणकावळा पंधराला आला. ह्यांनी तो काढून बशीत ठेवला, वर दुसरी बशी झाकली. "रविवारी हजेरीच्या वेळीच आत बसवायचा," म्हणाले. "आधी नाही. नियम म्हणजे नियम." म्हणजे मला चार दिवस होते. शनिवारी हे वाचनालयात गेले, तेव्हा मी अल्बम उघडला. कुठला काढावा सुचेना. घुबड माझ्याकडेच बघत होतं, म्हणून तेच काढलं. एक्केचाळीस. फ्रॉकच्या कागदी नमुन्यांमध्ये ठेवलंय, बाह्यांच्या खणात.

रविवारी हे इस्त्रीचा शर्ट घालून बसले. मी वाचत गेले.

"एक्केचाळीस."

"एक्केचाळीस," मी परत म्हटलं.

"थांब." चिमटा त्या रिकाम्या चौकटीवर तसाच धरलेला. "थांब जरा. हे... हे असं कसं?"

"पडलं असेल कुठे. मागच्या पानावर बघा."

पान उलटलं, परत उलटलं. अल्बम उभा धरून झटकला. टेबलाखाली वाकले. मला वाटलं होतं रागावतील, कुणी हात लावला म्हणून घर डोक्यावर घेतील. मी तयारी करून बसले होते. पण वाकलेले उठले तेव्हा चेहरा खडूसारखा. म्हणाले, "तू काही हलवलं नाहीस ना?"

मी म्हटलं, "मी कशाला हात लावू तुमच्या पाखरांना?"

"नाही, बरोबर आहे. तू कशाला लावशील." "मीच काढलं असेन. साफ करायला. मीच कुठेतरी ठेवलं असेन." पुढची हजेरी घेतलीच नाही. पाणकावळा त्याच्या जागी बसवला, पण एखादी पावती टोचावी तसा.

नव्व्याण्णव आहेत, बारक्या. मी सुटले. सुटलेच ना?

ताई


२ फेब्रुवारी

मेहुणेबुवा,

हे पत्र फाडून टाकायचं. तुझ्या ताईला यातलं अक्षर कळता कामा नये. शपथ घाल स्वतःला. उत्तर वाचनालयाच्या पत्त्यावर धाड, तिथला ग्रंथपाल माझ्या हातात देईल.

तुला माहीत आहे मी काय काम केलं. सहा हजार जिनसा, चौतीस वर्षं. एक वायसर कमी भरला तर मी जेवायला उठत नसे, आणि तो मिळायचाच. कुठली वस्तू कुठल्या फळीवर, हे मी डोळे मिटून सांगायचो. साहेब लोक पाहुण्यांना आणून खेळ म्हणून मला विचारायला लावायचे.

एक्केचाळीस नंबर गेला. घुबड. मी घरभर शोधला. अल्बमचं त्या दिवसापासून रोज एकेक पान बघितलं, विजेरी घेऊन, अकरा वेळा. नाही. घरात आम्ही दोघंच. ती हात लावत नाही, मला विचारल्याशिवाय माझा रुमालसुद्धा धुवायला टाकत नाही. म्हणजे मीच. मी काढला, कुठेतरी ठेवला, आणि ठेवल्याची आठवणसुद्धा माझ्यात शिल्लक नाही. वस्तू हरवल्याचं दुःख नाही रे. हरवणाऱ्याचाच पत्ता लागत नाही.

आता पुढचं ऐक. त्याच्या पुढच्या रविवारी हजेरीला बसलो. "सोळा." हजर. "सतरा." सुतारपक्षी. ती चौकटही रिकामी. तुझी ताई समोर, नाकावर चष्मा, ती काही चौकटी बघत नाही, यादी वाचते. मी म्हणालो, "हजर."

आयुष्यात पहिल्यांदा मी खोटी हजेरी लावली. स्टोअरमध्ये असं करणाऱ्याला मी कामावरून काढायला लावलं असतं. पण एकावर दुसरं गेलेलं तिला कळलं असतं तर तिनेही तेच ओळखलं असतं, जे मी ओळखलंय.

रोज सकाळी अंथरुणातच परीक्षा घेतो. कारखान्याचे सगळे मॅनेजर क्रमाने म्हणायचे. परवा चौथा आठवेना. दुपारी आठवला, पण दुपारी. गॅस पेटवायचं मी बंद केलंय, हाताला कंप सुटतो असं तिला सांगितलं. काही झालंच, तर तू येऊन तिला घेऊन जा. मला ओळखता येईनासं होईपर्यंत तिने माझ्यासमोर बसून नंबर वाचत राहावं, हे मला नको.

तुझे भावोजी


५ फेब्रुवारी

ताई,

काढलेलं सगळं आजच्या आज जागच्या जागी ठेव. चेष्टा पुरे. आयडिया माझी होती, मूर्ख मी होतो, कबूल. का, ते विचारू नकोस, मी कुणाला तरी शब्द दिलाय. फक्त ठेव. एकही मागे ठेवू नकोस.

बारक्या


११ फेब्रुवारी

बारक्या,

का ते कळलं नाही, पण तुझं ऐकलं. शनिवारी हे वाचनालयात गेल्यावर घुबड परत चौकटीत ठेवलं.

काल हजेरी. "एक्केचाळीस" म्हटलं. मला वाटलं, आता ओरडतील, "अगं, हे बघ!" म्हणतील. काही नाही. घुबडाकडे बघत राहिले. चिमट्याने त्याचे चारी कोपरे दाबून बघितले. मग अगदी हळू म्हणाले, "हजर." पुढे सगळे हजर. शंभरलाही हजर. शंभर झाले, बारक्या.

अल्बम मिटला. उठले आणि आत जाऊन झोपले. भिंतीकडे तोंड करून.

रात्री जेवले नाहीत. आज सकाळी अर्धा कप चहा. मी विचारलं, "काय होतंय?" म्हणाले, "काही नाही, तू दार लोटून घे." तू म्हणालास निबांनी माणूस मरत नाही. ये आणि बघ. तीच पाठ आहे, सासऱ्यांची. मी आजपासून दिवस मोजतेय. आज दुसरा.

कुणाला शब्द दिलायस तू? आणि माझं काय?

ताई


१२ फेब्रुवारी

मेहुणेबुवा,

तुझं उत्तर नाही. समजतो. काय लिहिणार.

घुबड परत आलं. त्याच्याच चौकटीत, सरळ, जसं मी बसवतो तसं. जिथे मी अकरा वेळा विजेरी मारून बघितलं, तिथे. म्हणजे एक तर ते तिथेच होतं आणि मला दिसत नव्हतं, किंवा मीच उठून ते ठेवलं आणि मला माहीत नाही. दोन्हींतलं कुठलं बरं, हे मी काल दिवसभर ठरवत होतो. ठरलं नाही.

सुतारपक्षी मात्र नाही. परत "हजर" म्हणालो.

सोबत एक फॉर्म आहे. गावाबाहेर अशा माणसांसाठी घर आहे, चौकशी करून ठेवली. खिडक्यांना जाळ्या आहेत, पण बाग चांगली आहे. साक्षीदाराची सही तुझी हवी, दोन ठिकाणी, पेन्सिलने फुली केली आहे. अर्ज मी करतोय तोवर तो माझा अर्ज आहे. उशीर केला तर तो तिला करावा लागेल, आणि ती करणार नाही, ती स्वतः माझ्याबरोबर मरेल. स्टोअरचा नियम होता, खराब माल निघायच्या आधी नोंदवायचा.

अक्षर अजून चांगलं आहे ना? खरं सांग.

भावोजी


१४ फेब्रुवारी

ताई,

मी शब्द मोडतोय. भावोजींना दिला होता.

ते तुझ्या सासऱ्यांसारखे मरायला झोपलेले नाहीत. त्यांना वाटतंय त्यांचं डोकं कामातून चाललंय. तू घुबड काढलंस, त्यांना वाटलं आपण ठेवून विसरलो. तू परत ठेवलंस, त्यांना वाटलं आपण वेडे झालो. त्यांची दोन्ही पत्रं सोबत जोडली आहेत, आणि तो फॉर्मही. वाच. मी वाचली तेव्हा दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढून बसलो होतो.

त्यांना सगळं सांग. आत्ता. हे पत्र हातात असतानाच. आणि सतरा नंबर, सुतारपक्षी, तोही दे. मी "एकही मागे ठेवू नकोस" लिहिलं होतं, तरी तू तो का ठेवलास देव जाणे. त्या एका पाखरावर ते अजून अडकलेत.

दोष माझा. हे त्यांना सांगताना माझं नाव आधी घे.

बारक्या


१८ फेब्रुवारी

बारक्या,

सतरा नंबर मी काढला नव्हता.

मी एकच काढला. घुबड. सुतारपक्ष्याला मी बोटसुद्धा लावलं नाही. तुझं पत्र वाचलं आणि आधी वाटलं, चला, माझ्या चोरीमुळेच होतं सगळं, सांगून टाकलं की संपलं. मग सतरा नंबरची तुझी वाक्यं वाचली.

हे झोपले होते. मी घर उलटं केलं. त्यांची दाढीची पेटी, चपलांचे खोके, चष्म्याची घरं, अंथरुणाखाली. दोन तास. मग दमले, चहा ठेवायला गॅसपाशी गेले, काडेपेटी उचलली.

तिच्यावर होता.

रोजच्या वापरातली काडेपेटी, बारक्या. तिच्यावर सुतारपक्षी डकवलेला. चारी कोपरे बसवून, कडेला कड लावून, ह्यांच्याच हाताने. एवढं सरळ दुसरं कुणी चिकटवत नाही. पाखरू परत त्याच्या घरी नेऊन ठेवल्यासारखं. गॅस हल्ली मीच पेटवते. म्हणजे दोन आठवडे मी तीच पेटी हाताळतेय आणि एकदाही बघितलं नाही. माझ्या ओल्या अंगठ्याने त्या पाखराचं डोकं झिजून गेलंय.

मी पेटी पदरात गुंडाळली, त्यांना जाऊन उठवलं आणि म्हटलं, "दोन्ही मी काढले."

"काय?"

"घुबड पण आणि सुतारपक्षी पण. मी चोरले. शंभर झाले तर तुम्ही मामंजींसारखे झोपाल म्हणून."

हे उठून बसले. "दोन्ही? सतरा पण? नक्की?"

"आता शपथपत्र करून देऊ का?"

"चोरटे!" असे ओरडले की शेजारीण गॅलरीत आली. "चोरटे! चाळीस वर्षं चोर घरात ठेवला मी! आणि मी इथे मॅनेजरांची नावं पाठ करतोय!" हसायला लागले ते थांबेनात. डोळ्यांतून पाणी. मग जेवायला मागितलं. दोनदा वाढून घेतलं. फॉर्म माझ्याकडून मागून घेतला आणि त्याचे इतके बारीक तुकडे केले की झाडताना फरशीच्या फटीतून निघेनात. आणि तुला काय काय म्हणाले ते लिहीत नाही, तुझी मुलं वाचतील.

मी मशीनवर बसून एक सबंध उशीचा अभ्रा शिवला. संपल्यावर बघितलं, सुईत दोराच नव्हता.

आता ते रोज विचारतात, "सतरा कुठाय? आण." मी सांगितलंय, लपवायला बारक्याकडे पाठवला होता, तो परत पाठवतोय. तेव्हा तुला दुसरा सतरा शोधायचाय. कुठूनही. मीच तुला लिहिलं होतं, शंभर होऊ देऊ नकोस म्हणून. आता तुझ्या पाया पडते, होऊ दे.

ताई


२४ मार्च

ताई,

सोबत सतरा. अस्सल, डोक्यासकट.

ज्या शाळेच्या हजेरीबुकात पाणकावळा निघाला, तिथे गेलो. विचार केला, बाइंडर तोच असेल तर रद्दीचा गठ्ठाही तोच असेल. मुख्याध्यापिकेला म्हटलं, तुमची सगळी जुनी हजेरीबुकं फुकट बांधून देतो. तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच कपाट उचलून नेणार. पस्तीस दिली. महिनाभर रोज एक पाठ भिजवून सोलतोय. दुकानात आंबट खळीचा वास एवढा की गिऱ्हाईक दारातूनच बोलतं. सव्विसाव्या पाठीत हा सापडला.

भावोजींचं पत्र आलं होतं. मला "चोराचा कोठीवाला" म्हणतात. म्हणू देत. पण ताई, पत्रावर तारीख दोनदा होती. वर एक, खाली एक, आणि दोन वेगळ्या. मी ते पुन्हा पुन्हा बघतोय. डॉक्टरांकडे न्यायचं पुढे ढकलू नकोस. मी येतो बरोबर.

बारक्या


८ एप्रिल

बारक्या,

डॉक्टरांची वेळ पुढच्या आठवड्यात गुरुवारची मिळाली आहे. डोळे तपासायला जायचंय असं सांगितलंय. तू बुधवारीच ये.

काल रविवार. पाखरू बशीखालून काढून त्यांनी स्वतः बसवलं. इस्त्रीचा शर्ट. मी वाचत गेले, हे म्हणत गेले. प्रत्येक चौकट आता मीही बघते, चष्म्यावरून, त्यांना कळणार नाही अशी. सतरा हजर. एक्केचाळीस हजर. त्रेसष्ट हजर. नव्व्याण्णव हजर.

"शंभर."

"हजर."

मी यादी खाली ठेवली. आता हा माणूस "झालं" म्हणेल, या भीतीने मी जानेवारीपासून झिजले. म्हणालेच नाहीत. चिमटा हातात तसाच. माझ्याकडे बघत होते, वर्गातलं शहाणं पोर बघतं तसं.

"वाच ना," म्हणाले.

"काय वाचू?"

"पुढचा."

"पुढचा नाही. शंभरच आहेत. संपले."

"संपले कसे?" हसले. मला काहीच कसं माहीत नाही म्हणून. "एकशे एक राहिला ना. वाच."

बारक्या, मी काय करायला हवं होतं? मी त्या यादीकडे बघितलं, शंभरच्या खाली कोरा कागद. आणि वाचलं. "एकशे एक."

त्यांनी पान उलटलं. अल्बमचं मागचं पान, काळं, कोरं. त्याच्यावर चिमटा फिरवत राहिले, वरून खाली, एकेका चौकटीपाशी थांबत, जिथे चौकटी नव्हत्या तिथे. मला वाटलं, आता त्यांना कळेल. मला वाटलं, आता त्यांना कळू नये.

"गैरहजर," म्हणाले. त्याच जुन्या आवाजात, पोर खेळून यायचंय अशा. अल्बम मिटला, चिमटा पुसला. "तुझ्या भावाला लिही. म्हणावं, चोऱ्या पुरे झाल्या, आता कामाला लाग. एकशे एक शोध."

आज सोमवार. सकाळी उठून दाढी केली. शीळ घालत होते. मी दाराआड उभी राहून ऐकत होते आणि हात कानांवर ठेवावेत की नाही ते कळत नव्हतं.

लिही म्हणाले म्हणून लिहिलं. उत्तर त्यांच्याच नावे टाक, घरच्या पत्त्यावर. काय लिहायचं ते तू ठरव, माझ्यात ताकद नाही.

ताई


११ एप्रिल

ती. भावोजींस,

ताईकडून निरोप मिळाला. एकशे एक अजून हाती आलेला नाही. शाळेची नऊ हजेरीबुकं माझ्याकडे शिल्लक आहेत, आज संध्याकाळपासून त्यांच्या पाठी भिजत घालतो. बुधवारी येतोच आहे, तेव्हा काय निघालं ते सांगेन.

एक अडचण आहे. तो छाप मी कधी बघितलेला नाही, तेव्हा समोर आला तरी ओळखायचा कसा? पक्षी कोणता होता, कशावर बसला होता, रंग कुठला, तुम्हाला आठवतं तसं लिहून ठेवा. सावकाश लिहा. घाई नाही.

तुमचा मेहुणा